तुम्ही विचारलंत म्हणून: मरिनर्सची 2026 ची बॅटिंग ऑर्डर

रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडलं की आम्ही पालक छपराखाली थर्मासमधला चहा पीत उभे राहतो. सिअॅटलजवळच्या बेलव्ह्यूतला 2025 चा डिसेंबर, म्हणजे पाऊस ठरलेलाच. हल्ली तिथे दर आठवड्याला कुणी ना कुणी आमच्या सिअॅटलच्या बेसबॉल संघाबद्दल, मरिनर्सबद्दल, विचारतं, “काय हो, यंदा मरिनर्सची बॅटिंग ऑर्डर कशी लागणार? ओपनिंगला कोण?” उभ्याउभ्या दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान होत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी क्रिकेटची एक सवय बाजूला ठेवायला हवी. आपल्याकडे सलामीवीर बाद झाला की त्या डावापुरतं त्याचं काम संपतं. बेसबॉलमध्ये नऊ जणांची रांग गोल फिरत राहते. नवव्यानंतर पुन्हा पहिला. सामना यातल्या कुणाच्याही पाळीवर संपू शकतो. सीझन 162 सामन्यांचा, त्याला 9 ने भागा: रांगेत एक जागा वर असलेल्याला वर्षभरात साधारण 18 वेळा जास्त बॅटिंग मिळते. म्हणून सगळ्यात चांगला बॅटर खाली राखून ठेवायचा नसतो.

दुसऱ्या जागेवर कॅल रॉली. याबद्दल मला शंका नाही. 2025 मध्ये त्याने 60 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे, थेट भिंतीपलीकडचे फटके) मारले. तो कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक म्हणा. कॅचरचा एका सीझनमधला आधीचा विक्रम 48 चा होता. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा 54 चा विक्रम 1961 पासून टिकून होता, तोही गेला, आणि आमच्या केन ग्रिफीचा 56 चा क्लबचा विक्रमसुद्धा. हे सगळं सिअॅटलच्या मैदानात खेळून, जिथे गार हवेत उंच उडालेला चेंडू बऱ्याचदा भिंतीच्या अलीकडेच हातात येतो. पुन्हा 60 होतील असं मी म्हणणार नाही. 45 होतील, असा माझा अंदाज आहे.

त्याच्याआधी पहिल्या जागेवर जे. पी. क्रॉफर्ड. तो मोठे फटके मारत नाही, पण चेंडू निवडून खेळतो. गेल्या सीझनला शंभरात पस्तीस वेळा तो बाद न होता बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करायच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचला. रॉली बॅटिंगला येईल तेव्हा पुढे कुणीतरी बेसवर उभं असायलाच हवं. तिसरा हूलिओ रॉड्रिगेझ. एप्रिल-मेमध्ये त्याची बॅट शांत असते आणि दरवर्षी लोक त्याला खाली ढकला म्हणतात. ढकलू नये. 2025 ची सुरुवातही संथच होती, तरी शेवटी 32 होम रन आणि 30 चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा बेस) त्याच्या नावावर होतेच.

आता खरी अडचण. 20 ऑक्टोबरची रात्र मी विसरू शकत नाही. टोरंटोत अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना, हूलिओ आणि रॉली दोघांचेही होम रन, सातव्या इनिंगपर्यंत 3-1 अशी आघाडी. मग जॉर्ज स्प्रिंगरचा तीन धावांचा होम रन, आणि 4-3 ने सगळं संपलं. 1977 पासून खेळतोय, तीस संघांमध्ये वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला, एकदाही न पोचलेला संघ फक्त आमचा. घरात कुणी बोललं नाही. मुलगी अंगातली जर्सी न काढता तशीच झोपली.

त्या रात्रीपर्यंत आम्हाला आणणारे दोघं आता नाहीत. त्याआधीच्या फेरीत डेट्रॉइटविरुद्ध 15 व्या इनिंगमध्ये सामना जिंकून देणारा होर्हे पोलांको न्यूयॉर्कच्या मेट्स संघाकडे गेला. टोरंटोविरुद्ध पाचव्या सामन्यात ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना चार धावांचा होम रन) मारणाऱ्या युहेनिओ सुआरेझचा करार संपला. पोलांकोला जाऊ द्यायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं.

त्यामुळे चौथी जागा या वर्षी सगळ्यात महत्त्वाची. तिथे जॉश नेलर. नोव्हेंबरमध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा करार झाला, तेव्हा मी ऑफिसात असूनही मोठ्याने ओरडलो. नेलर सहजी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होत नाही, डावखुरा आहे, आणि धावायला मंद असूनही पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) लक्ष ओळखून त्याने 2025 मध्ये 30 बेस चोरले. तो मागे उभा असला की हूलिओला मुद्दाम चालत पाठवणं (खेळू न देता फुकट पहिला बेस देणं) महागात पडेल. पाचवा रँडी अरोझारेना, सहावा डॉमिनिक कॅन्झोन. कॅन्झोन डावखुरा, त्यामुळे समोर डावखुरा पिचर असेल तर तो बाहेर. आठवा व्हिक्टर रोब्लेस.

सातवी जागा थर्ड बेसवाल्याची (तिसऱ्या बेसजवळ फिल्डिंग करणाऱ्याची). सुरुवातीला ती बेन विल्यमसनला मिळेल, कारण त्याची फिल्डिंग उत्तम आहे. पण जूनपर्यंत तिथे कोल्ट एमर्सन असेल, हे माझं या यादीतलं सगळ्यात धाडसी भाकीत. पोरगा अवघा 20 वर्षांचा, मूळचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), गेला सीझन संपताना टॅकोमापर्यंत, म्हणजे मरिनर्सच्या लगेच खालच्या संघापर्यंत, येऊन पोचलाय. तिथून आमचं मैदान तासाभरावर.

नववा कोल यंग. शेवटचा म्हणून त्याला कमी लेखू नका. 2025 च्या 31 मे ला तो मरिनर्सकडून पहिल्यांदा खेळला आणि त्याच दिवशी 11 व्या इनिंगमध्ये त्याच्याच फटक्यावर विजयी धाव आली. रांग दुसऱ्यांदा फिरते तेव्हा तोच पहिला धरायचा: यंग बेसवर, मागे क्रॉफर्ड, आणि त्याच्यामागे बॅट घेऊन रॉली.