आमची वाटचाल : गाडलेले पोल आणि चाकांवरचे पोल

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर पाटी आहे : 'बास्केटबॉल पोल, बोर्ड, रिंग, कोर्ट मार्किंग'. पाटी 1991 ची, रंग तीनदा नवा दिला. सुरुवात मी आणि मिस्त्री अशा दोघांनी केली. मी हिशेब आणि ऑर्डरी बघायचो, मिस्त्री वेल्डिंग बघायचे. मी स्वतः शाळा-कॉलेजात खेळलो होतो, त्यांनी बॉल कधी हातातही घेतला नव्हता. तरीही या धंद्यात नाव झालं ते त्यांच्या हाताचं, हे आधीच लिहून ठेवतो.

पहिली दहा वर्षं आम्ही फक्त गाडलेले पोल केले. सहा इंची पाइप, साडेतीन फूट खड्डा, त्यावर बोर्ड पुढे धरणारं एक्स्टेन्शन आणि आल्लापल्लीच्या सागवानाच्या फळ्यांचा बोर्ड. बोर्ड 1.80 बाय 1.05 मीटर, खालची कड जमिनीपासून 2.90 वर. फळ्या जोडून मागून अँगलची फ्रेम मारायची, पुढून पांढरा ऑइलपेंट द्यायचा, मधला चौकोन 59 बाय 45 सेंटीमीटर काळ्या पट्टीने आखायचा. नागपूरच्या उन्हात फळी सुकते आणि सांधा उघडतो. म्हणून मिस्त्री फळ्या एक उन्हाळा शेडमागे रचून ठेवत आणि मगच रंध्याला घेत. आता बोर्ड ॲक्रिलिकचे नाहीतर टफन्ड काचेचे असतात, पण त्या सागवानी बोर्डावर बॉल आपटला की जो भरीव आवाज यायचा तो काचेला येत नाही.

रिंगचं सांगतो. 20 मिलिमीटरचा सळई-बार, डायवर वाकवून आतला व्यास 45 सेंटीमीटर. लोक म्हणतात रिंगमध्ये दोन बॉल शेजारी-शेजारी मावतात. मावत नाहीत. सात नंबरचा बॉल साधारण 24 सेंटीमीटरचा, दोन मिळून 48. पूर्वी जाळीसाठी वळवलेल्या तारेचे बारा हुक लावत, त्यात पोरांची बोटं अडकून फाटायची. मिस्त्रींनी हुक बंद कड्यांसारखे केले, आठ मिलिमीटरहून जास्त फट कुठे ठेवली नाही. ते म्हणायचे, "भाऊ, हे जोराचं काम नाही, मापाचं आहे."

त्या काळात आमचं गिऱ्हाईक म्हणजे क्लब आणि शाळा. नागपुरात शिवाजीनगर जिमखाना, नूतन भारत युवक संघ, धरमपेठ क्रीडा मंडळ असे क्लब होते आणि प्रत्येकाचं आपलं कोर्ट, आपली पोरं, आपली भांडणं. संध्याकाळी जिल्ह्याचे लीग सामने लागले की ऑफिसातून सुटलेली माणसं डबा हातात घेऊनच कठड्यावर बसत. मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाउस आणि मस्तान वायएमसीए या दोन कोर्टांनी पिढ्याच्या पिढ्या घडवल्या. 1970 साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर त्याच नागपाड्याचे. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत सॅव्हियो कप ही स्पर्धा. रेल्वे, बँका, आयकर यांच्या टीम असत, चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी लागत असे. त्या नोकरीसाठी पोरगा सात-आठ वर्षं तेच कोर्ट झिजवायचा आणि त्याच्या मागे धाकटे यायचे. माझ्या मते आपल्याकडच्या स्थानिक लीग यावरच उभ्या होत्या, बक्षिसाच्या रकमेवर नव्हे. खेळाडूंची भरती आटली तशी संध्याकाळची गर्दी आटली. लीग बंद झाली असं कुणी जाहीर केलं नाही. एका वर्षी सामने आठ दिवसांचे झाले, पुढे चार दिवसांचे, मग 'यंदा परीक्षा आहेत' असं झालं.

आमचं मात्र चांगलं चाललं होतं, कारण पूर्वेला भिलाई होती. प्रशिक्षक राजेश पटेल सरांनी तिथे मुलींची जी फळी उभी केली ती सगळ्या देशाने पाहिली. नवं राज्य झालेलं छत्तीसगड राष्ट्रीय स्पर्धांत मोठमोठ्या राज्यांना आणि रेल्वेला घाम फोडू लागलं. त्यांचं बघून दुर्ग-राजनांदगावच्या शाळांनी पोल मागवले. मी रिंगा गोणपाटात बांधून रेल्वेने दुर्गला नेल्या आहेत.

2010 साली नियम बदलले आणि आमच्यावर कामाचा पाऊस पडला. तीन गुणांची रेघ 6.25 मीटरवरून 6.75 वर गेली, रिंगसमोरचा आखलेला पट्टा, म्हणजे 'डी', समलंबाचा आयत झाला, रिंगखाली 1.25 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आलं. जुनी रेघ ग्राइंडरने उडवायची, तिथे पॅच मारायचा, नवी पाच सेंटीमीटरची पट्टी टेप लावून ओढायची. उन्हाळ्यात हे काम पहाटे चार ते आठ. नंतर डांबर तापतं आणि टेपचा गोंद सुटून रंग आत पसरतो. त्या दोन वर्षांत किती कोर्ट केले याचा हिशेब वहीत आहे, इथे देत नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते.

2010 मध्येच महिंद्रा आणि अमेरिकेतल्या एनबीएची शनिवार-रविवारची लीग मुंबई, बंगळुरू, लुधियानात सुरू झाली. 2015 साली यूबीए ही व्यावसायिक लीग आली : आठ टीम, त्यात मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज, टीव्हीवर सामने. त्याच वर्षी आपल्या सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 व्या क्रमांकावर घेतलं. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. आणि नेमकं त्याच वर्षी भारताचं बास्केटबॉल फेडरेशन दुभंगलं, एक निवडणूक बंगळुरूत, दुसरी पुण्यात. कुणाच्या सहीने स्पर्धा अधिकृत हे खेळाडूलाही कळेना.

अशा हवेत आमच्याकडे काही मंडळी आली. चार शहरं, चार टीम, आपल्या भागाची आपली लीग. त्यांचं नाव लिहीत नाही, माझी तशी इच्छा नाही. त्यांना चाकांवरचे स्टँड हवे होते, चार जोड्या, म्हणजे आठ. काचेचे बोर्ड, पायथा एंडलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेघेपासून, दोन मीटर मागे, समोर पॅडिंग, मागे काउंटरवेट, दाबाने झुकणारी रिंग. ऑर्डर 22 लाखांची, हातात सहा लाख. मिस्त्री तेव्हाच म्हणाले, "ज्यांचं कोर्ट नाही, त्यांची लीग कसली?" मी ऐकलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं काम टीव्हीच्या उजेडात दिसणार होतं, त्या मोहात मी पडलो.

काम मात्र असं केलं की आजही मान वर करून सांगावं. काच टफन्ड झाल्यावर तिला भोक पडत नाही, म्हणून भोकांचं ड्रॉइंग आधी मिलिमीटरला पक्कं लागतं. रिंगचा भार काचेवर येता कामा नये, तो मागच्या फ्रेमवर गेला पाहिजे. मिस्त्रींनी मधल्या प्लेटला काचेपासून हलकी सोड ठेवली. स्वतः रिंगला लोंबकळून पाहिलं, साठीच्या माणसाने.

पहिला हंगाम झाला. दिवे, ढोल, टी-शर्ट, नाचणाऱ्या मुली. आमची बिलं 'स्पॉन्सरचे पैसे आले की' यावर थांबली. दुसरा हंगाम डिसेंबर 2016 मध्ये ठरला होता. 8 नोव्हेंबरला नोटबंदी आली आणि त्या मंडळींना कारण मिळालं. फोन लागेनात. तीन चेक दिले होते, तिन्ही परत आले. स्टीलवाल्याचे आठ लाख, काचवाल्याचे पावणेतीन, बँकेचं कॅश क्रेडिट काठोकाठ. नऊ कामगारांचे चार झाले. लेथ विकलं. वाडीचा प्लॉट विकला, तो मुलीच्या नावाने घेतला होता. मिस्त्रींनी पाच महिने पगाराला हात लावला नाही आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी त्यांना पार्टनर म्हणत आलो, पण कागदावर केलं ते त्यानंतर. आधीच करायला हवं होतं.

स्टँडचा शोध घेत होतो. एक जोडी अमरावती रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनमध्ये सापडली. गोदामाचं भाडं थकलं म्हणून मालकाने ठेवून घेतली होती. काच फुटलेली, रिंगला झालर आणि लायटिंगची माळ बांधलेली, पॅडिंगवर हळदीचे हात पुसलेले. मी तिथेच खाली बसलो. मालक भला माणूस, म्हणाला, "घेऊन जा, काका." काउंटरवेट आधीच कुणी तरी भंगारात घातलं होतं. तीच जोडी आज आमच्या शेडमध्ये आहे, विकलेली नाही.

याच काळात बाजारात एक व्यापारी उतरला. पूर्वी आमच्याकडेच बिलं लिहायला होता, आमची गिऱ्हाइकं, आमचे दर त्याला तोंडपाठ. बाहेरून माल आणायचा आणि टेंडरला सर्वांत खाली भरायचा. सहा इंचीऐवजी चार इंची पाइप, रिंग थेट काचेवर बोल्ट केलेली. एका क्रीडा संकुलात तीन महिन्यांत काच कोसळली, नशिबाने खाली कुणी नव्हतं. आणि ती दुरुस्त करायला बोलावलं कुणाला? आम्हाला. दुरुस्तीचे पैसे मिळाले, पण पुढचं टेंडर पुन्हा त्यालाच गेलं. हे मला अजून पचलेलं नाही आणि पचवायचंही नाही.

आम्ही तगलो ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेतल्या सरांमुळे. व्यायामशिक्षक. 1993 साली आमच्याकडून पोलची एक जोडी घेतली, पैसे तीन हप्त्यांत दिले. मग दरवर्षी जूनमध्ये पोस्टकार्ड यायचं : 'बारा जाळ्या पाठवणे. रिंग ठीक आहे. पोरं उंच होत आहेत.' दिवाळीच्या सुट्टीत ते आठ शाळांची लीग घ्यायचे. ना स्पॉन्सर, ना ट्रॉफी. जिंकलेल्या शाळेचं नाव ऑफिसबाहेरच्या फळ्यावर वर्षभर राहायचं, एवढंच बक्षीस. मोठमोठ्या लीग दोन-चार हंगामांत विझल्या, यूबीएचेही चारच हंगाम झाले. सरांची मात्र चालू राहिली, एकाही वर्षी खाडा नाही. आमचं दिवाळं निघाल्याची बातमी त्यांना कशी कळली माहीत नाही. 2017 च्या मार्चमध्ये स्वतः एसटीने आले, पिशवीतून पाकीट काढलं. आठ शाळांनी मिळून चार जोड्यांची पूर्ण रक्कम आगाऊ दिली होती. म्हणाले, "सवड मिळेल तसे करा. तुम्ही बंद झालात तर मी जाळ्या कुणाकडून घेऊ?" त्या पैशांतून स्टीलवाल्याचं तोंड बंद झालं आणि शेड वाचली.

पुढची वर्षं नीट गेली. 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या किंग्ज-पेसर्सचा सामना बघायला मी मिस्त्रींना घेऊन गेलो. पहिला पूर्ण क्वार्टर त्यांची नजर स्टँडच्या बिजागऱ्यांवर होती. मग आला तीन-तीन खेळाडूंचा थ्री-एक्स-थ्री. ऑलिंपिकमध्ये गेला ही चांगलीच गोष्ट, पण आमच्या धंद्याला अर्ध्या कोर्टाचा खेळ म्हणजे जोडीऐवजी एकच पोल. नंतर आयएनबीएल ही राष्ट्रीय लीग आली. ती टिकावी असं मनापासून वाटतं. टिकायची असेल तर दिव्यांवर खर्च करण्याआधी प्रत्येक टीमने आपल्या शहरात चार कोर्ट दत्तक घ्यावेत आणि खालच्या वयोगटांची लीग तिथे बारा महिने चालवावी.

कोर्ट करणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगतो. रिंगची 3.05 मीटर उंची फिनिश लेव्हलपासून मोजा. आधी पोल गाडतात, मग दोन इंचांचा थर टाकतात आणि रिंग कायमची बुटकी होते. पोरांना वाटतं आपण उंच उडतोय, आणि बाहेरगावी गेल्यावर फजिती. जाळी तुटली तर त्याच आठवड्यात बदला. जाळी नसलेल्या रिंगवर शॉट आतून गेला की बाहेरून, यावरून भांडणं होतात आणि शॉट मारणाऱ्याच्या डोळ्याला माप राहत नाही. संस्थाचालकांनो, जाळीला पैसे नाहीत असं सांगू नका.

सर आता निवृत्त आहेत, लीग त्यांचा विद्यार्थी बघतो. गेल्या दिवाळीआधी त्याचा फोन आला, 1993 चा एक पोल जमिनीलगत गंजलाय. आम्ही जीप घेऊन गेलो. दिवसभर खणलं, काँक्रीट हललं नाही. शेवटी मिस्त्रींनी गॅस कटरने पोल जमिनीलगत कापला, बुंधा आतच ठेवला आणि नवा खड्डा दीड फूट मागे घेतला. बोर्ड एंडलाइनच्या 1.2 मीटर आत यायलाच हवा, म्हणून एक्स्टेन्शन तेवढं वाढवून दिलं. वाढीव पाइपचे पैसे लावले नाहीत. सर खुर्ची टाकून बसले होते. काम संपल्यावर त्यांनी शाळेतून टेप मागवली आणि आमच्यासमोर रिंगची उंची पुन्हा मोजून घेतली.