सीनियर कन्सल्टंटच्या मुलाखतीची तयारी : माझा अनुभव

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेडिसिनच्या सीनियर कन्सल्टंटची जागा निघाली, सोबत आयसीयूची जबाबदारी. तयारीला बसलो तेव्हा पुस्तकं बाजूला ठेवली. या पदाला औषधांचे डोस कुणी विचारत नाही. आपण घरी असताना रात्री दोन वाजता वॉर्ड कसा चालेल, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

म्हणून मी माझ्याच जुन्या केसेस काढल्या. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, सेप्सिस (जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागणं). प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : मी नसतो तर हा निर्णय वेळेत झाला असता का?

पावसाळ्यात शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडून घोणस चावलेले पेशंट येतात. तिच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. रक्त गोठतंय का हे बघायची २० मिनिटांची टेस्ट इंटर्नलाही पाठ असते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. पण घाईत प्लास्टिकची ट्यूब वापरली की टेस्ट फसते, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानं सुरू होते. मग चांगलं रक्तही पातळ राहतं आणि गरज नसताना अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिलं जातं. काचेच्या ट्यूब कॅज्युअल्टीत कुठे ठेवायच्या, रोज कुणी बघायच्या, हे ठरवणं माझ्या मते सीनियरचं खरं काम. मुलाखतीत हेच उदाहरण दिलं.

सराव आमच्या इन्चार्ज सिस्टरनी घेतला. इतके अवघड प्रश्न मला डॉक्टर मित्रांनीही विचारले नव्हते. "सर, व्हेंटिलेटर एकच आहे, पेशंट दोन, आणि दुसऱ्याचे नातेवाईक नगरसेवकांना घेऊन आलेत. मी काय सांगू?" मी बराच वेळ बोललो. त्या म्हणाल्या, "एवढं ऐकायला तिथं कोण थांबतंय? मला एक वाक्य द्या." ते वाक्य सुचायला संध्याकाळ गेली : "तुमच्या पेशंटला हातानं दाबायच्या अँबू पिशवीनं श्वास देणं चालू आहे, दुसरा व्हेंटिलेटर कुठे मिळतोय ते मी स्वतः फोन करून बघतोय."

पॅनेलनं महापुराचं विचारलंच. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, तसं झालं तर? पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. मी म्हटलं, ३९ फुटांच्या इशारा पातळीलाच हालचाल करायची : ऑक्सिजनचा साठा, स्टाफची मुक्कामाची सोय आणि डायलिसिसचं पाणी. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि त्या वर्षी शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला होता. यावर बरीच चर्चा झाली.

"तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर पगाराआधी मी विचारलं, रात्री आयसीयूत एका नर्सकडे किती पेशंट असतात? मेट्रन म्हणाल्या, चार. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वतंत्र नर्स हवी, हे मी तिथंच स्पष्ट सांगितलं. नियुक्तीपत्रासोबत रात्रपाळीच्या वाढीव जागांना मंजुरी दिल्याचं कळवलं, तेव्हा होकार दिला.