पोत्याच्या पोटातला ताप

वर्षभर मी बुरशीपासून पॅकिंगचे कोपरे घरच्या स्वयंपाकघरातच बनवले. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा चुरा भिजवायचा, कुकरमध्ये दीड तास शिजवायचा, गार झाला की ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं अळंबीचं बी मिसळून साच्यात दाबायचं. ५-६ दिवसांत बुरशीची पांढरी जाळी चुऱ्याला घट्ट बांधून टाकते. मग ८० अंशांना वाळवलं की बुरशी मरते आणि थर्माकोलच्या जागी चालेल असा कोपरा तयार. शंभरात दोन-चार वाया जायचे.

पुण्याच्या एका दिवेवाल्यानं महिन्याला ८०० जोड मागितले आणि मी सरळ गुणाकार केला. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचं बंद शेड भाड्यानं घेतलं, कडबाकुट्टी आणली, वाफेसाठी २०० लिटरचा ड्रम. आधी मनात उसाचं चिपाड होतं. पण कारखाने ते स्वतःच बॉयलरला घालतात, आपल्याला कोण देतंय! तुराट्या मात्र बरेच शेतकरी बांधावर पेटवूनच देतात.

बी मिसळलेल्या चुऱ्याची १५-१५ किलोची ६० पोती भरली. चौथ्या दिवशी शेडात आंबूस वास. पूर्वी विड्या वळणाऱ्या एक मावशी कामाला होत्या, त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, "दादा, ह्याच्या पोटात ताप हाय ओ." थर्मामीटर खुपसला. शेडात २९ अंश, पोत्याच्या मध्यात ४३!

वाढताना बुरशी स्वतःच उष्णता सोडते. घरच्या छोट्या साच्यातून ती निघून जायची, पोत्यातून तिला वाटच नव्हती. मधली जाळी शिजून मेली, कडेनं हिरवी बुरशी शिरली. सगळी पोती उकिरड्यावर गेली. दिवेवाल्याला फोन करायला मला दोन दिवस लागले.

आता ३ किलोच्या चपट्या पिशव्या, जाडी चार बोटं, रॅकवर एकमेकींपासून वीतभर लांब. त्यात जाळी धरली की हातानं मोडायची, साच्यात भरायची आणि पुन्हा वाढू द्यायची. दिवस जास्त लागतात, पण वाया फार कमी जातं. पत्र्याचं ऊन मात्र ऐकत नव्हतं. एप्रिलात बाहेर ४२ झाल्यावर कूलरनं काय होणार? शेवटी आतून थर्माकोलचंच सिलिंग मारलं. हे दिवेवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

८०० चे मी ५०० कबूल केलेत, मे महिन्यात ३००. वाळवण आधी गच्चीवर, ओव्हन फक्त शेवटचा तासभर. सोलापूरच्या उन्हाचा तेवढा एक फायदा.