रॉकेटची मोटर घरी का बनवायची नाही

आमच्या सोलापूरच्या गड्डा जत्रेतलं दारूकाम झालं की पुढचे काही दिवस आमच्या गल्लीतली पोरं रॉकेटशिवाय दुसरं बोलत नाहीत. यंदा त्यातल्या एकानं, दहावीतला हुशार पोरगा आहे, मला सरळ विचारलं की काका, सुतळी बॉम्बमधली दारू काढून पायपात ठासली तर रॉकेट किती वर जाईल? पायप कसला तर म्हणे लोखंडी. त्याला तिथंच ठामपणे नाही म्हणून सांगितलं, पण नुसतं नाही म्हणून पोरं ऐकत नसतात, त्यांना कारण लागतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे मॉडेल रॉकेटचा छंद सुरूच झाला तो पोरांचे हात वाचवायला. १९५० च्या दशकात अमेरिकेत पोरं घरी पायपात दारू भरून रॉकेटं उडवायची आणि बोटं, डोळे घालवून बसायची. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये या धोक्याबद्दल एका मासिकात लेख लिहिला. तो वाचून नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी त्यांना आपली रॉकेटं पाठवली. या माणसाचं बुटांचं दुकान होतं आणि नाद दारूकामाचा! त्यांचं रॉकेट कागद आणि हलक्या लाकडाचं, आणि मोटर, म्हणजे जोर देणारी दारूची नळी, वेगळी, आयती, एकदा वापरली की काढून दुसरी बसवायची. पुढं व्हर्न एस्टेस यांनी अशा मोटरी भराभर बनवणारं मशीन तयार केलं, त्याचं नाव मेबल. म्हणजे दारू ठासायचं काम पोरांच्या हातातून काढून मशीनकडं दिलं, सगळी सुरक्षितता तिथून सुरू होते.

आता मोटर आतून कशी असते ते बघा. नेहमीची छोटी मोटर जाड कागदाची नळी असते, १८ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब, साधारण बोटाएवढी. खालच्या टोकाला मातीचं नॉझल, म्हणजे गॅस बाहेर पडायचं बारीक तोंड, त्याच्यावर दाबून घट्ट बसवलेली काळी दारू, तिच्यावर हळू जळणारा डिलेचा थर, त्याच्यावर थोडी मोकळी दारू आणि शेवटी मातीचं बूच. दारू संपली तरी रॉकेट वेगात वरच चाललेलं असतं, तेवढ्या वेळात डिले धूर सोडत जळतो आणि रॉकेट शेंड्याला पोचून मंदावलं की वरची दारू पेटून नाकाडं आणि पॅराशूट बाहेर ढकलते. पॅराशूट जळू नये म्हणून मध्ये न पेटणारा कागद भरावा लागतो.

मोटरवर सी६-५ असं काहीतरी छापलेलं असतं. सी म्हणजे एकूण ताकद, ५ ते १० न्यूटन-सेकंद, आणि दर पुढच्या अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते, बी ५ पर्यंत, डी २० पर्यंत. ६ म्हणजे सरासरी जोर, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ म्हणजे डिलेचे सेकंद. हा आकडा लोक हलक्यात घेतात, पण जड रॉकेटला लांब डिले लावला तर ते नाक खाली करून भाल्यासारखं जमिनीत घुसतं, आणि हलक्याला फार छोटा लावला तर भर वेगात पॅराशूट उघडून फाटतं.

मग लोखंडी पायपात काय बिघडतं? दारूला बारीक चीर गेली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, त्यानं दाब वाढतो, दाब वाढला की दारू अजून जोरात जळते, आणि हे सगळं आपल्याला पळायलाही वेळ मिळणार नाही इतक्या झटक्यात होतं. कागदी नळी फुटली तर कागद उडतो, लोखंड फुटलं तर त्याचे तुकडे उडतात. आयत्या मोटरलासुद्धा ही चीर जाऊ शकते, उन्हात तापून आणि परत गार होऊन दारू नळीपासून सुटते, म्हणून आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत पडलेली मोटर कधीच वापरायची नाही.

कायद्याचंही ऐका. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्यानं गुन्हा आहे. आणि कारखान्यातसुद्धा काय होतं ते आपल्या जिल्ह्यानं बघितलंय, १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्याच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात कामाला आलेल्या बायका गेल्या. ते आठवलं की मला गच्चीवर दारू कुटायचा विचारसुद्धा सहन होत नाही.

अमेरिकेतल्या छंदवाल्यांचे नियम मात्र कुठल्याही रॉकेटला लावण्यासारखे आहेत. वात नाही, तारेनं लांबून बॅटरीवरच पेटवायचं, कारण वात पेटली की थांबवता येत नाही आणि बटण सोडलं की करंट तुटतो. पेटवायच्या बटणाच्या पेटीला सुरक्षेची चावी असते, ती काढून खिशात ठेवल्याशिवाय रॉकेटजवळ जायचं नाही. डीपर्यंतच्या मोटरला निदान १५ फूट लांब थांबायचं, पेटलं नाही तर चावी काढून पूर्ण एक मिनिट कोणी हलायचं नाही. हा एक मिनिट पोरांना लई जड जातो पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. वारा ताशी २० मैलाच्या वर असेल तर उडवायचं नाही, खाली वाळलं गवत नको. म्हणून नान्नजकडचा माळ कितीही मोकळा दिसला तरी तिकडं नको, माळढोकाचं अभयारण्य आहे ते. होटगी रोडला विमानतळाच्या बाजूलाही नको.

त्या पोराला मी पाण्याचं रॉकेट करायला लावलंय. कोल्ड्रिंकचीच बाटली घ्यायची, साध्या पाण्याची पातळ असते, ती फुटते. एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप, हवेचा दाब ६० पीएसआयच्या (पंपाच्या मीटरवरचा आकडा) पुढं अजिबात न्यायचा नाही, डोळ्याला गॉगल आणि रॉकेट सोडायचा खटका सुतळीनं लांबून ओढायचा. उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि नट बांधून ३० मीटरवर उभं राहायचं, ४५ अंशाचा कोन आला तर रॉकेट ३० मीटर अधिक तुमच्या डोळ्याची उंची इतकं वर गेलं. दर वेळी पाणी थोडं कमीजास्त करून वहीत लिहून ठेवा, आणि कुणाला करायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, खटका कसा बनवायचा ते फोटोसकट टाकतो.