पालकत्वाचा अर्ज

लेक अठराची झाली आणि आज मी तिची पालक व्हायचा अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत! बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल सज्ञान झालं, की १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्व मागायचं. जिल्हाधिकाऱ्यांची समिती ते देते. कायदा बरोबरच आहे, पण पोटात कसंतरी झालं.

फाईल लावून दिली ती कर्मशाळेतल्या, म्हणजे दिव्यांग मुलांना काम शिकवणाऱ्या केंद्रातल्या, एका काकूंनी. वर दटावलं, "नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा काढलास का गं? लाखापर्यंत आहे, थेरपीही बसते त्यात." चार वर्षं नुसतीच थेरपीची बिलं भरत होते मी!

लेकीला कशाचंच काही नाही. पिशवीतून स्वतः रंगवलेली पणती काढली, क्लार्कच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "वीस रुपये."

त्यांनी दिले.