दोन ओळी लिहून दे की

बेळगावात तुम्ही कविता करता हे एकदा गल्लीत कळलं की संपलंच. निरोप समारंभ, डोहाळजेवण, कुणाची साठी, फ्लेक्सवर फोटोखाली टाकायला काहीतरी, सगळं आपल्याकडं येतं, आणि येतं ते पण आदल्या रात्री, 'दोन ओळी लिहून दे की गं, तुला काय, पाच मिनिटांचं काम!' मंडपवाल्याला पैसे देतात, केटररला देतात, फ्लेक्स छापणाऱ्याला तर अ‍ॅडव्हान्स देतात, आणि त्यावरच्या ओळी तेवढ्या फुकट. तक्रार नाही वो माझी, कधीमधी कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, मिळतो.

पण परवा वडगावच्या आमच्या काकांनी सरळच विचारलं. त्यांचे पॉवरलूम आहेत, साड्या विणतात. म्हणाले, 'अगं, आम्ही साडी विणली तर कोणतरी नेसतंय. तुझ्या कवितेचं काय होतंय पुढं?' विचारण्यात टोमणा नव्हता, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना. मी 'आनंद मिळतो की काका' असं काहीतरी बोलले, पण आनंद तर मिरची भजी खाऊनपण मिळतो, त्यासाठी कविता कशाला पाहिजे.

मग मला आजीची ओवी आठवली. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, जात्यावर बसली की मात्र तोंड थांबायचं नाही. त्यातली ही एक आमच्या घरात टिकली:

नदीला आलं पाणी, वाट बुडाली चंदगडाची
लेकीसाठी केली, शिळी झाली भाकर तांदळाची

एवढंच. मोठी आत्या चंदगडाकडं दिलेली, पावसाळ्यात मार्कंडेयला पूर आला की जाणंयेणं बंद, आणि कुणीतरी जाणार म्हणून केलेली भाकर फडक्यात तशीच राहिली. आता बघा, यात कुठं आठवण येते, जीव तुटतो, डोळे भरले असलं काही म्हटलेलंच नाही. तांदळाची भाकर म्हणजे तव्यावरून उतरल्या उतरल्या खायची, दुसऱ्या दिवशी कडांना ती अशी कडक होते की दुधात कुस्करल्याशिवाय जात नाही. ज्या बाईनं ती थापलीय, उकड काढून, हात पोळवून, तिला 'शिळी झाली' म्हणताना काय होत असेल ते ज्यानं त्यानं बघावं. मी कितीतरी कविता लिहिल्या, त्यात जीव पुष्कळ वेळा तुटलाय, पण शिळी भाकर मला कधी सुचली नाही.

बरं, आजी ही ओवी म्हणायची तेव्हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेलं आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. लेकीच्या आणि आईच्या मधे आता नुसती नदी नाही, राज्याची हद्दपण आली. पूर ओसरला तरी 'वाट बुडाली' म्हणायला बायका मोकळ्या झाल्या, आणि ओवीतला एक शब्द बदलावा लागला नाही. पुढं २०२० च्या लॉकडाऊनमधे हद्दीवर नाकाबंदी, इकडं बाची, तिकडं शिनोळी, मधे अंतर ते कितीसं. माझी धाकटी बहीण पलीकडं. आई फोनवर तिला काय जेवलीस, पोरं काय करुलालेत सगळं विचारून झालं की गप्प व्हायची आणि मग ती ओवी म्हणायची. आईची सासू आपल्या लेकीसाठी, म्हणजे आईच्या नणंदेसाठी म्हणायची ती ओवी, आई आपल्या लेकीला म्हणत होती. म्हणजे काकांच्या भाषेत बोलायचं तर साडी एक, नेसली तीनदा, पुरात, हद्द आली तेव्हा आणि नाकाबंदीत, आणि विटली नाही.

मला वाटतं किंमत असली तर इथंच कुठंतरी आहे. बातमी आपण आपल्या शब्दांत सांगू शकतो, कथापण थोडक्यात सांगता येते, पण त्या ओवीत 'तांदळाची'च्या जागी 'जोंधळ्याची' घालून बघा, यमक राहील, पण आजी गेली.

आमच्याकडं थंडी पडली की गावोगाव मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर ग्रंथ घेतलेल्या पोरी, असलं कौतुक पुण्यातपण बघायला मिळायचं नाही. कवीसंमेलनात सीमाप्रश्नावरची कविता आली की मंडप दणाणतो. खरं सांगू, त्यातल्या बऱ्याच कविता म्हणजे यमक लावलेल्या घोषणा. पण नाकं मुरडणं सोपं आहे, इतकी वर्षं माणसांना एकत्र धरून ठेवायचं काम त्या घोषणांनीपण केलंय. फक्त प्रश्न सुटला तर त्या उद्या कोण म्हणेल, हे मला कळत नाही.

आणि याच बेळगावात कवयित्री इंदिरा संत राहिल्या, शिकवलं, लिहिलं. 'शेला' हा कवितासंग्रह १९५१ चा, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९८४ साली, 'गर्भरेशीम'ला. नवरा लवकर गेलेली, पोरं वाढवणारी मास्तरीण, तिनं बहुतेक आपलं एकटीचंच लिहिलं, आणि आमच्या आईच्या मैत्रिणी त्या ओळी किराण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर उतरून घ्यायच्या. त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे! तिकडं धारवाडला कवी द. रा. बेंद्रे, घरी मराठी आणि कविता कन्नडमधे, आमचा रिक्षावाला त्यांची गाणी गुणगुणतो, मला अर्धीच कळतात तरी मी उतरायची घाई करत नाही.

काकांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, 'मग ती ओवीच म्हण की यंदा संमेलनात.' पटलं मला. आयोजकांना फोन लावला, तर म्हणे, 'ताई, प्रत्येकाला एकच कविता, तीन मिनिटं, आणि स्वरचित पाहिजे वो, पत्रिकेत छापलंय तसं.' म्हटलं ओवी आमच्या घरचीच आहे. 'पण रचली कुणी?' आता आजीनं रचली का तिच्या आजीनं, का उचगावच्या बाजारात कुणाकडनं ऐकून आली, हे आईलापण माहीत नाही.

बघू म्हणालेत.