सात हजारांची झाकली मूठ

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर त्या रात्री मी पोकरचा एक हात, म्हणजे डाव, सोडून दिला. बरोबर सोडला की नाही हे अजून ठरत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

पोकर हे माझं पोटापाण्याचं काम. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तोवर मी पुण्यात घरी बसून एका वेळी चार टेबलं खेळायचो. तासाला अडीचशे-तीनशे हात व्हायचे आणि प्रत्येकाची नोंद सॉफ्टवेअर ठेवायचं. पैसे कुठे गळतात ते सकाळच्या चहाबरोबर दिसायचं. बोटीवर तासाला जेमतेम पंचवीस-तीस हात होतात आणि भिस्त सगळी आठवणीवर. आठवण माणसाच्या बाजूनेच साक्ष देते. आमच्यातली निम्मी मंडळी एक्क्यांची जोडी कशी फुटली हे दहा वेळा सांगतील, पण स्वतः चुकून भरलेले पैसे एकदाही मोजणार नाहीत. मला याचा खरंच राग येतो.

म्हणून मी वही घातली. तिच्यात एकच गोष्ट लिहायची: रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचं सगळ्यांसाठी सामाईक असलेलं शेवटचं पाचवं पान उघडल्यावर, समोरच्याने मोठी बेट (पैज) लावली तर मी काय केलं: तेवढे पैसे भरून त्याची पानं बघितली की माझी टाकून दिली. पॉट (मधे जमलेले पैसे), बेट, त्याची पानं, निकाल आणि ‘का’, एवढे रकाने. हात संपला की पुढची पानं वाटून होण्याआधी दोन शब्द खरडायचे.

माझा दोष म्हणजे राग, हरल्यावर डोकं फिरतं, अशी माझी पक्की समजूत होती. वर्षभर त्यावरच मेहनत घेतली. वहीने ती समजूत मोडली. पहिल्या ६० नोंदींत मी ५१ वेळा पैसे भरले होते आणि जिंकलो होतो ११ वेळा. आकडा लहान आहे, नशिबाचा भाग त्यात आहेच. पण ‘का’च्या रकान्यात नशीब कुठून येणार? तिथे माझ्याच अक्षरात पानोपानी एकच उत्तर होतं: ‘बघायचं होतं.’ आणि त्यातल्या बऱ्याच रात्री मी जिंकत होतो, डोकं अगदी शांत होतं.

माझ्याबरोबर अभ्यास करणारा नाशिकचा मित्र वही चाळून म्हणाला, “तुला हरायची भीती नाहीच रे. तुला कळलं नाही, की चैन पडत नाही.” झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडायला मी दर आठवड्याला पैसे मोजत होतो.

त्यानंतर एक नियम केला. रिव्हरवर पैसे भरण्याआधी, समोरचा कोणत्या हातांनी ढोंग, म्हणजे ब्लफ, करत असेल असे तीन हात, म्हणजे त्याच्याकडच्या दोन पानांच्या तीन जोड्या, मनात नाव घेऊन सांगायचे. ‘करतही असेल’ हे उत्तर चालणार नाही. तीन सापडले नाहीत तर फोल्ड, म्हणजे पानं टाकून द्यायची.

त्या रात्री ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं बघण्याआधीच सक्तीने लावायचे पैसे, १००-२०० चे होते. माझ्याकडे इस्पिकचा आणि किलवरचा राजा. मी ८०० केले. बिग ब्लाइंडवर, म्हणजे २०० लावायच्या जागी, अहमदाबादचे एक काका होते, साठीचे, तीन तासांत एकदाही ढोंग करताना न दिसलेले. ते तेवढे भरून आले. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांत, इस्पिकची राणी, इस्पिकची सत्ती, चौकटची तिर्री. मी १,१०० लावले, त्यांनी भरले. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदामची दुर्री. मी २,७००, त्यांनी पुन्हा भरले. पॉट ९,३०० झाला. रिव्हरला इस्पिकची नव्वी आली आणि इतका वेळ चेक करणाऱ्या, म्हणजे स्वतः पैसे न लावता पाळी पुढे ढकलणाऱ्या, काकांनी स्वतःहून ७,००० पुढे सरकवले.

७,००० भरून १६,३०० मिळणार होते, म्हणजे शंभरांत तीस वेळा मी पुढे असलो तरी पुरे. टेबलावर इस्पिकची तीन पानं होती, काकांकडे आणखी दोन असली तर पाच इस्पिकांचा फ्लश आणि माझी जोडी हरणार. पण इस्पिकचा राजा माझ्या हातात. तो नसता तर काकांकडे इस्पिकच्या दोन पानांच्या ४५ जोड्या शक्य होत्या, तो असल्यामुळे ३६ उरल्या. हे गणित खरंच होतं. पण हेच गणित पुढे करून मी याआधी कितीदा ‘बघायचं होतं’ लपवलं होतं, तेही वहीत होतं.

तीन हात शोधायला लागलो. पंजी-चौकी, सिक्वेन्स हुकलेली. हा एक झाला. छक्की-पंजीने ते टर्नला एवढे पैसे भरले नसते. तिसरा सापडेना. डीलर वाट बघत होता. काका पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते आणि पुन्हा लावत होते.

मी राजे पालथे सरकवले.

राहवलं नाही, विचारलंच, “काका, फ्लश था ना?” ते पानं डीलरकडे ढकलत म्हणाले, “बेटा, सात हज़ार देते तो दिखा देता।” डीलरने त्यांची पानं बाकीच्या पानांत मिसळली.

पहाटे धक्क्याकडे परतणाऱ्या फेरीबोटीत नोंद केली. ‘का’मध्ये लिहिलं, ‘एकच हात सापडला.’ ‘त्याची पानं’ हा रकाना रिकामा राहिला. परवा पेन्सिलीने तिथे इस्पिकचा एक्का आणि दश्शी लिहिली, आणि खोडली. कागद तिथे थोडा विरलाय.